माफीचा साक्षीदार आणि मानगुटीवरचा वेताळ

जगाच्या कथावाङ्मयात तीन पात्रांची एक मांडणी वारंवार आढळते. एक गुन्हेगार असतो. त्याच्याशी जखडलेली एक अमानवी, परकी शक्ती असते. आणि त्या दोघांना पकडून आपल्या कामाला जुंपणारी एखादी सत्ता असते. अमेरिकेतील मार्व्हल कंपनीच्या चित्रकथांत १९८८ साली 'व्हेनम' नावाचे पात्र अवतरले. परग्रहावरून आलेला एक काळा, चिकट जीव माणसाच्या अंगावर चढतो आणि दोघांचे मिळून एकच व्यक्तिमत्त्व होते, अशी ती कल्पना. पुढे २००७ पासूनच्या 'थंडरबोल्ट्स' या मालिकेत हा जीव एका सराईत गुन्हेगाराच्या अंगावर आहे आणि सरकार त्याला कामगिरीवर पाठवते आहे, असे दाखवले गेले. आपल्या घरांतील नातवंडांना हे सारे तोंडपाठ असते आणि आपण वडीलधारी माणसे 'हे काहीतरी परदेशी खूळ' म्हणून त्याकडे पाठ फिरवतो.

वस्तुतः ही कल्पना आपल्याला परकी नाही. मानगुटीवर बसलेले आणि बोलायला लावणारे भूत आपल्या वाङ्मयात हजार वर्षांपासून आहे. आणि अदृश्य शक्तीशी बांधलेल्या गुन्हेगाराला पकडून सरकारचा खबऱ्या करण्याचा प्रकार आपल्या देशाच्या इतिहासात प्रत्यक्ष घडलेला आहे. त्यावर एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेली कादंबरी एकेकाळी युरोपभर गाजली. ती म्हणजे फिलिप मेडोज टेलर यांची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'. १८३९ साली ती लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. ही कादंबरी आपल्या 'वेताळपंचविशी'शेजारी ठेवून वाचावी आणि दोहोंना एकच प्रश्न विचारावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न असा : ज्याला बोलणे भाग पाडले जाते, त्याचे बोलणे नेमके कोणाचे?

प्रथम इतिहास थोडक्यात पाहू. १८३० च्या दशकात सागर आणि जबलपूर येथे विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने ठगांविरुद्ध मोहीम उघडली. वाटसरूंशी गोडीगुलाबीने सोबत जोडायची, निर्जन जागी रुमालाने गळा आवळायचा आणि प्रेत पुरून टाकायचे, ही ठगांची पद्धत. मारलेला माणूस बोलत नाही आणि मारणारा शेकडो मैल दूर निघून जातो. त्यामुळे साक्षीदार मिळणे अशक्यप्राय होते. स्लीमनने यावर शोधलेला उपाय म्हणजे ठगालाच साक्षीदार करणे. फिरंगिया नावाचा प्रसिद्ध जमादार १८३० च्या अखेरीस हाती लागला, तो त्याची आई, बायको आणि मूल सरकारच्या कैदेत असल्यामुळे. तो बोलू लागला आणि त्याने दाखवलेल्या जागी पुरलेली प्रेते खणून काढण्यात आली. एकाच्या जबानीवरून दहा धरले जात, त्या दहांतून दोघे-तिघे फुटत आणि त्यांच्या जबानीवरून आणखी कित्येक. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तर ठगांच्या टोळीचा घटक असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. या फुटलेल्या ठगांना फाशी होत नसे, पण सुटकाही नसे. जबलपूरला त्यांची वेगळी वसाहत झाली, १८३७ साली उद्योगशाळा निघाली, आणि कालचे फासेकरी तंबू शिवू लागले, सतरंज्या विणू लागले. माफी मिळाली, मुक्ती मात्र मिळाली नाही.

आता यातली अमानवी शक्ती कोणती? ठगांच्या जबान्यांनुसार ती भवानी. शकुन-अपशकुन तिचे, पूजेची कुदळ तिची आणि कामगिरीनंतर वाटला जाणारा गूळ हा तिचा प्रसाद. हा गूळ एकदा ज्याने चाखला तो कितीही श्रीमंत असो, त्याला दुसरा कोणताही धंदा येत असो, तो ठगच होणार, अशा आशयाचे फिरंगियाचे निवेदन स्लीमनने नोंदवले आहे. म्हणजे माणूस टोळीशी बांधला गेला तो शपथेने किंवा पैशाने नव्हे, तर अंगात शिरलेल्या पदार्थाने. चित्रकथेतील काळा जीव आणि ठगांचा गूळ यांत तत्त्वतः फारसा फरक नाही. दोन्हींमुळे माणसाला म्हणता येते : हे मी केले नाही, माझ्या आत जे आहे त्याने केले.

टेलर हे निजामाच्या नोकरीतले अधिकारी होते. नळदुर्ग, सुरपूर हा त्यांचा मुलूख. १८३२ साली सागरहून निजामाच्या राज्यात पाठवलेल्या माफीच्या साक्षीदारांत अमीर अली नावाचा ठग त्यांना भेटला आणि त्याच्याच निवेदनावरून कादंबरी आकाराला आली, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. या माणसाचा ७१९ खुनांत हात होता. मध्ये बारा वर्षे कैदेत गेली नसती तर हजार भरले असते, अशी त्याची खंत. संपूर्ण कादंबरी अमीर अलीच्या तोंडून उलगडते. तो तुरुंगात आहे, नीटनेटका आहे, बोलण्यात अदब आहे. समोर एक साहेब बसून ऐकतो आहे. लहानपणी त्याच्या आईबापांना ठगांनी मारले आणि त्याच ठगांतील इस्माईलने त्याला मुलगा म्हणून वाढवले. पुढे त्याच्याच हातून, ओळख न पटता, त्याच्या सख्ख्या बहिणीचा खून होतो आणि तिच्या गळ्यातल्या खुणेवरून हे त्याला उशिरा कळते.

कादंबरीचे सामर्थ्य कशात आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. टेलरने ठगाला राक्षस केले नाही. अमीर अली बापावर माया करतो, बायकोवर जीव टाकतो, शौर्याची बूज राखतो. वाचकाला तो आवडू लागतो, आणि आपल्याला एक खुनी आवडतो आहे हे जाणवून वाचक अस्वस्थ होतो. त्या काळच्या इंग्रजी वाङ्मयात हिंदी माणसाला एवढी लांब, सलग, न तुटणारी वाणी क्वचितच मिळाली असेल. दख्खनची वाट, सराया, बाजार, पेंढारी चितूच्या फौजेतील धामधूम हे सारे लेखकाने पायी तुडवलेल्या मुलखाचे आहे. चालू सरकारी अहवालात जे कधीच उतरत नाही, ते कादंबरीत उतरले आहे.

तरीही ही कादंबरी एका जागी कमी पडते, आणि ती जागा नेमकी तिच्या विषयाच्या गाभ्याची आहे. अमीर अली बोलतो आहे तो का? कारण बोलला नाही तर गळ्याला फास आहे. हे वाचकाला माहीत असते, लेखकालाही माहीत असते, परंतु सबंध कथनात त्याची सावली पडत नाही. एवढा सराईत फसव्या माणूस, ज्याचा धंदाच मुळी गोड बोलून विश्वास संपादन करण्याचा, तो साहेबासमोर बसून जे सांगतो ते साहेबाला आवडेल असे सांगत असेल, ही शंका कादंबरीला शिवत नाही. ठग वाटसरूला गोष्टी सांगत सांगत निर्जन जागी नेई. इथे तो साहेबाला गोष्टी सांगत नेतो आहे. हे साम्य कादंबरीकाराच्या हातात आयते पडले होते, पण त्याने ते उचलले नाही. साहेब अधूनमधून दचकतो, धिक्कार करतो आणि पुढे ऐकतो. त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही.

दुसरा दोष याहून खोल आहे. भवानी ही या कथेत दोघांच्याही सोयीची झाली आहे. ठगाला ती सोयीची, कारण ७१९ खुनांचा भार तिच्या माथी टाकता येतो. पुढे पकडला गेल्यावरही त्याला म्हणता येते की नियम मोडले म्हणून देवीने साथ सोडली आणि कंपनी सरकारचा इकबाल वरचढ ठरला. कंपनीलाही ती तितकीच सोयीची. गुन्हा एकेका माणसाचा असेल तर एकेकावर पुरावा हवा. तो एका अदृश्य शक्तीच्या संप्रदायाचा असेल, तर संप्रदायात असणे हाच पुरावा होतो. १८३६ च्या कायद्याची जडणघडण अशीच आहे. खबऱ्या आणि सत्ता एकमेकांचे वैरी असूनही त्यांना एकच भूत हवे असते, हा या प्रकरणाचा धडा आहे आणि टेलरच्या कादंबरीने तो शिकवण्याऐवजी नकळत गिरवला.

अलीकडच्या इतिहाससंशोधकांनी या भुताची बरीच झाडाझडती घेतली आहे. राधिका सिंघा यांनी कंपनीकालीन फौजदारी कायद्यावरील १९९८ च्या ग्रंथात आणि किम वॅग्नर यांनी २००७ च्या ठगांवरील ग्रंथात ही साधने नव्याने तपासली. ठग ही निव्वळ इंग्रजांची कल्पना होती असे वॅग्नर म्हणत नाहीत. टोळ्या होत्या, खून होत होते. परंतु या टोळ्यांचा संबंध स्थानिक जमीनदारांचा आश्रय, सुटलेल्या फौजा आणि पोटापाण्याची ओढाताण यांच्याशी होता. देशभर पसरलेला एकसंध धर्मसंप्रदाय हे चित्र मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून आणि त्या विचारणाऱ्यांच्या अपेक्षांतून उभे राहिले. ज्या साधनांवर टेलरची कादंबरी उभी आहे तीच साधने सक्तीची आहेत, असा याचा अर्थ.

याच टेलरने पुढे १८६३ साली 'तारा' ही मराठी मुलखावरची कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरची, आणि तेथेही भवानी आहे. पण ती घराघरांत पुजली जाणारी, लेकीसुनांची आई आहे. एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांत एकाच नावाच्या देवीची दोन रूपे दिसतात. फरक देवीत नाही, साक्षीदारात आहे. एकीकडे भक्त बोलतो, दुसरीकडे कैदी.

येथे कायद्याचा विचार आवश्यक आहे, कारण वाङ्मयाने न विचारलेला प्रश्न कायद्याने विचारला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०६ व्या कलमाखाली गुन्ह्यातील साथीदाराला माफी देऊ करता येत असे, ती एका अटीवर : त्याने ठाऊक असलेले सारे खरे आणि पूर्णपणे सांगावे. अट मोडली तर ३०८ व्या कलमान्वये मूळ गुन्ह्यासाठी खटला पुन्हा उभा. २०२४ साली अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही व्यवस्था कायम आहे. मात्र पुराव्याच्या कायद्याने याला एक लगाम घातला. साथीदाराच्या साक्षीवर झालेली शिक्षा केवळ तेवढ्याने बेकायदा ठरत नाही, पण महत्त्वाच्या बाबींत स्वतंत्र दुजोरा मिळाल्याशिवाय असा साक्षीदार विश्वासार्ह धरू नये, असे न्यायालयाला गृहीत धरता येते. योगायोग असा की, भारतीय दंड संहितेच्या ३१० व ३११ व्या कलमांत 'ठग' हा शब्द २०२४ पर्यंत टिकून होता. १ जुलै २०२४ रोजी नवी न्याय संहिता आली आणि तो गेला. ठग गेला, माफीचा साक्षीदार राहिला.

महाराष्ट्राच्या स्मृतीतील सर्वांत मोठा माफीचा साक्षीदार म्हणजे दिगंबर बडगे. पुण्यातील हा शस्त्रविक्रेता महात्मा गांधींच्या खुनानंतर लगेच पकडला गेला आणि १९४८ च्या जूनमध्ये त्याला माफी देण्यात आली. लाल किल्ल्यातील खटल्यात न्यायमूर्ती आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला. त्यात बडगेची साक्ष हा फिर्यादी पक्षाचा कणा होता. तरीसुद्धा ज्या भागाला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही त्या भागावर शिक्षा उभी राहिली नाही आणि स्वातंत्र्यवीर सावरकर निर्दोष सुटले. या निकालाबद्दल कोणाचे मत काय असावे हा येथे विषय नाही. विषय एवढाच की, ऐकणाऱ्याने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. साक्षीदार बोलला म्हणून न्यायालयाचे काम संपले नाही. ते तेथून सुरू झाले. टेलरच्या साहेबाजवळ हा नियम नाही.

आणि हा नियम 'वेताळपंचविशी'त आहे. या कथाचक्राचे सर्वपरिचित रूप अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त सापडते. मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ते छापून आले, आणि पुढे 'चांदोबा'ने ते दर महिन्याला घरोघरी पोहोचवले. आपण ते मुलांची करमणूक म्हणून वाचतो. प्रत्यक्षात ते सक्तीच्या साक्षीचे एक काटेकोर शास्त्र आहे.

चौकट आठवून पाहावी. एक कपटी भिक्षू राजाला रोज एक फळ देतो. फळात रत्न असते. या उपकाराने बांधला गेलेला राजा मध्यरात्री स्मशानात जातो आणि झाडावर लटकलेले प्रेत खांद्यावर घेतो. त्यात वेताळ आहे. प्रेत न्यायचे तर मौन पाळायला हवे. पण वेताळ गोष्ट सांगून प्रश्न विचारतो आणि म्हणतो, उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शकले होतील. बोलले तर काम बिघडते, न बोलले तर जीव जातो. ठगाच्या कोठडीतला पेच हाच. फक्त जागा उलट झाल्या आहेत. येथे मानगुटीवर भूत आहे ते सत्ताधाऱ्याच्या, आणि कबुली द्यायची आहे ती राजाने.

वेताळ विचारतो काय? बहुतेक वेळा एकच : दोष कोणाचा? पहिलीच कथा घ्यावी. वज्रमुकुट नावाचा राजपुत्र हस्तिदंताचे काम करणाऱ्याच्या मुलीवर, पद्मावतीवर, अनुरक्त होतो. मंत्र्याचा मुलगा त्याला मदत करतो. तिला घराबाहेर काढण्यासाठी तो एक कट रचतो. तिच्या मांडीवर त्रिशूळाची खूण करवतो, तिचा हार आणवतो, स्वतः तापसाचे सोंग घेतो आणि राजाला सांगतो की, ही डाकीण आहे, स्मशानात हिलाच मी त्रिशूळाने खूण केली. राजाचे लहान मूल नुकतेच दगावलेले असते. खूण तपासली जाते, ती सापडते, मुलगी हद्दपार होते. कटवाले तिला घेऊन निघून जातात आणि इकडे तिचे आईबाप दुःखाने मरतात. त्यांच्या मृत्यूचे पाप कोणाचे? राजपुत्राचे? मंत्रिपुत्राचे? मुलीचे? विक्रमाचे उत्तर असे की, पाप त्या नगरीच्या राजाचे. त्याने आपल्या हेरांकरवी खरे-खोटे तपासले नाही. खबर आली आणि तो तीवर चालला.

हे उत्तर आजही चटका लावते. खोटी खबर देणारा समोर असताना विक्रम बोट दाखवतो ते ऐकून घेणाऱ्या सत्तेकडे. पुरावा होता, खूण होती, दुजोराही होता. पण तो दुजोरा त्याच हाताने रचलेला होता. स्वतंत्र दुजोरा का लागतो, हे सांगायला एवढी एक कथा पुरे. आणि हे राजाच्या तोंडून वदवून घेतले जाते, त्याच्या मानगुटीवर वेताळ बसलेला असताना. आधीच्या सर्व प्रश्नांची उत्तरे देऊन झाल्यावर शेवटच्या प्रश्नापाशी राजा खरोखर निरुत्तर होतो, गप्प चालत राहतो, आणि तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन भिक्षूचा कट त्याला सांगतो. म्हणजे खरी खबर मिळते ती धाकाने नव्हे. ऐकणारा न्यायाने विचार करतो आणि जे ठाऊक नाही त्याबद्दल बोलत नाही, याची खात्री पटल्यावर ती मिळते. माझ्या मते जगातील खबऱ्यांच्या कथांत हा सर्वांत प्रौढ विचार आहे.

आपल्या पेडणे-डिचोली भागातील वाचकाला वेताळाचे हे रूप समजायला अडचण पडू नये. आमोण्याचा बेताळ आपल्याला भुतांचा राजा म्हणून जेवढा ठाऊक आहे, तेवढाच गावाचा पहारेकरी म्हणून. वेताळ रात्री गावाभोवती फेरी घालतो म्हणून त्याला वहाणा वाहण्याची रीत गोवा आणि सावंतवाडीच्या पट्ट्यात आहे. वाटेवरच्या देवचाराला रोट, विडी दिली जाते ती तो राखणदार आहे म्हणून. काही चोरीला गेले, गुरू हरवले की गाऱ्हाणे घालायचे, कौल लावायचा, उजवा की डावा पाहायचा. कोणाच्या अंगात अवसर आला तर तो जे बोलेल ते ऐकायचे. जुन्या घरांतील जाणती माणसे मात्र एक पथ्य पाळीत. अवसराने नाव घेतले म्हणून कोणाच्या दारात काठ्या घेऊन जायचे नाही. कौल पुन्हा लावायचा, वस्तू आधी शोधायची, मग बोलायचे. देवाची साक्षसुद्धा दुजोऱ्याशिवाय चालवायची नाही, हे शहाणपण कोणत्याही संहितेच्या आधीचे आहे. जेथे हे पथ्य सुटले तेथे कोणा विधवेला चेटकीण ठरवून गावाबाहेर घालवण्यापर्यंत मजल गेली. पद्मावतीची गोष्ट केवळ गोष्ट नाही.

आधुनिक विज्ञानाने अंगात शिरून बोलवून घेण्याचा आणखी एक मार्ग काढला होता. औषध टोचून अर्धवट शुद्धीत जबानी घेण्याची नार्को चाचणी काही वर्षे आपल्याकडे फार गाजत होती. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात, संमतीवाचून अशी चाचणी करणे हे घटनेच्या २० (३) या अनुच्छेदाच्या विरुद्ध असल्याचे ठरवले. माणसाच्या आत शिरून त्याच्याविरुद्ध त्यालाच बोलायला लावणे हे न्यायाला मान्य नाही, मग आत शिरणारे भूत असो, गूळ असो की रसायन.

परदेशी विज्ञानकथेतही हा विवेक आढळतो, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. हॅल क्लेमंट यांची 'नीडल' ही १९५० सालची कादंबरी पाहावी. परग्रहावरचा एक गुन्हेगार आणि त्याचा पाठलाग करणारा शिपाई हे दोघेही लगद्यासारखे जीव पृथ्वीवर कोसळतात आणि माणसांच्या शरीरात आसरा घेतात. शिपाई एका शाळकरी मुलाच्या अंगात राहतो. पण ज्याच्या शरीरात राहायचे त्याला इजा करायची नाही, आणि त्याचे सहकार्य मिळवायचे ते त्याच्याशी बोलून, हा त्याच्या जातीचा धर्म आहे. गुन्हेगार आणि शिपाई यांच्यात देहाचा फरक नाही. फरक आहे तो यजमानाशी वागण्याचा. 'व्हेनम'च्या धुमश्चक्रीत हा विचार पुष्कळदा हरवतो, तरी त्याचे मूळ तेथेही आहे.

शासकीय सेवेत ज्यांनी जबाब नोंदवले आहेत त्यांना एक वाक्य पाठ असते : 'हा जबाब मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय देत आहे.' हे वाक्य जबाब देणारा क्वचितच उच्चारतो. ते लिहिणारा लिहितो. एकोणिसाव्या शतकातील सागरच्या छावणीपासून आजच्या कचेरीपर्यंत सक्तीच्या बोलण्यावर मारलेला हा शिक्का बदललेला नाही. वाङ्मयाचे काम हा शिक्का उचलून खाली पाहण्याचे आहे. टेलरने कागद सुंदर अक्षरात उतरवला, शिक्का मात्र उचलला नाही.

हा विचार आपल्यापुरता आणखी एका कारणाने निकडीचा आहे. १९६१ पूर्वीची पंधरा वर्षे आपल्या गावांनी पोर्तुगीज पोलिसांच्या सावलीत काढली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या जागेवरून आपण आजही जातो. एजंट मोंतेरो हे नाव जुन्या माणसांच्या अंगावर काटा आणीत असे. त्या काळात खबऱ्याही होते, आणि त्यांतले सगळे पैशासाठी झाले नव्हते. कोणाचा मुलगा कोठडीत होता, कोणाची किरकोळ चोरी वा दारूची चोरटी वाहतूक पकडली गेली होती, कोणाला मारहाण सोसली नव्हती. आपल्या आठवणींच्या लेखनात हुतात्मा आणि सत्याग्रही यांना त्यांचे योग्य स्थान मिळाले. खबऱ्या मात्र बहुधा एका ओळीत येतो आणि शिवीसारखा येतो. काही घरांवर तो डाग तिसऱ्या पिढीपर्यंत कुजबुजीत टिकला आहे, आणि त्यातला किती दुजोऱ्याचा, किती ऐकीव, हे कोणी तपासलेले नाही. अमीर अलीला निदान तीन खंड मिळाले. आपल्या गावच्या, भीतीने तोंड उघडलेल्या माणसाला तीन पानेही मिळाली नाहीत.

ती कथा कोणीतरी लिहावी, असे मनापासून वाटते. ती लिहिताना खबऱ्याला निर्दोष ठरवण्याची गरज नाही. त्याच्या शब्दाने ज्यांचे हाल झाले त्यांचे दुःख खरे आहे, आणि ज्यांनी मार खाऊनही तोंड उघडले नाही त्यांचे धैर्य त्याच्या तुलनेत अधिकच उजळून निघते. पण लेखकाने टेलरच्या साहेबासारखे आरामखुर्चीत बसून ऐकू नये. वेताळ विक्रमाला विचारतो तसा त्यानेही स्वतःला प्रश्न विचारून घ्यावा : बोलणाऱ्याचा दोष किती, बोलवणाऱ्याचा किती, आणि न तपासता विश्वास ठेवणाऱ्या आपणा सर्वांचा किती? उत्तर ठाऊक असेल तर द्यावे. नसेल तर शेवटच्या रात्रीच्या विक्रमासारखे ओझे खांद्यावर घेऊन गप्प चालावे. दोन्हींपैकी काहीही केले तरी ते वाचकांपर्यंत पोहोचेल.